व्याजाविना गाळा घेणाऱ्याने बँकेची तपासणी स्वतः करावी

चामड्याच्या पिशव्या, जरीकाम, पत्र्याचे डबे, साचे, लेथकाम अशा धंद्यांत हयात घालविलेले आपले अनेक बंधू धारावी, कुर्ला, मदनपुरा येथील अरुंद गल्ल्यांतून बाहेर पडून वसई पूर्वेला गाळा पाहू लागले आहेत. गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत हलक्या उद्योगांच्या वसाहती दाटीने उभ्या आहेत. मुंबईच्या मानाने भाव कमी, अहमदाबादचा हमरस्ता जवळ आणि कारागिरांना राहण्यासाठी नालासोपारा-वसईच्या खोल्या हाताशी, अशी ही सोय आहे. यांपैकी बरेच बंधू व्याजाचे कर्ज घेत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांची बचत, घरातील दागिने, आखातातून भावाने पाठविलेली रक्कम आणि एखाद्या नातलगाकडून कर्जे हसना असे सारे गोळा करून ते एकरकमी गाळा खरेदी करतात. नियत नेक आहे यात शंका नाही. परंतु या मार्गात एक उणीव राहून जाते आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते.

जो मनुष्य बँकेचे कर्ज घेऊन गाळा घेतो त्याच्यासाठी बँकेचा वकील तीस वर्षांची कागदपत्रे तपासतो. मूल्यांकन करणारा येऊन फीत लावतो, मंजूर नकाशा मागतो, इमारतीचे वय पाहतो. बँक हे सारे स्वतःचा पैसा बुडू नये म्हणून करते, पण त्यात कर्जदारही आपोआप सांभाळला जातो. रोख घेणाऱ्याला हा पहारेकरी नसतो. आमच्या एका पिशवीवाल्या मित्राबरोबर आम्ही वालीवला गाळे पाहत हिंडलो, तेव्हा एक दलाल मोठ्या प्रेमाने म्हणाला, "चाचा, या गाळ्यावर लोन होत नाही, म्हणून तर स्वस्त आहे. तुम्हाला कुठे लोन घ्यायचंय?" दलाल खोटे बोलला नाही. पण ज्या गाळ्यावर बँक एक रुपया लावायला तयार नाही, त्यावर आपण घरादाराची पुंजी का लावावी, हा प्रश्न आमच्या मित्राला तेथेच पडला. व्याज टाळणाऱ्याने बँकेचे कर्ज टाळावे; बँकेची तपासणी टाळू नये. ती फी देऊन स्वतः करून घ्यावी.

जमीन, बांधकाम आणि साखळी

आधी जमीन पाहावी, गाळा मागाहून. ज्या सर्व्हे नंबरवर वसाहत उभी आहे त्याचा सातबारा उतारा काढावा आणि सोबत जुने फेरफारही काढावेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधीचे महसुली कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाने आहेत, हे ध्यानात ठेवून शोध घ्यावा. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते पाहावे. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा, कुळाचे नाव, कुळकायद्याच्या कलम ४३ ची नोंद अशा गोष्टी असतात. दलाल हा रकाना दाखवीतच नाहीत.

या पट्ट्यात आणखी एक मोठा धोका आहे आणि तो आदिवासी जमिनीचा आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही. मंजुरी नसेल तर ती परत घेण्याची कारवाई होऊ शकते, मग वर चार मजले असोत की दहा. कायद्याचे सोडा, एखाद्या गरीब वारली कुटुंबाच्या जमिनीवर अंगठा घेऊन उभारलेल्या भिंतींत हलाल रोजी कमविण्याचा विचार तरी आपल्याला पटतो काय?

त्यानंतर बिनशेती परवानगी पाहावी. ती औद्योगिक वापरासाठी आहे की निवासी, हे नीट वाचावे. मग बांधकाम परवानगी. १९९० नंतर वसई-विरार पट्ट्यासाठी सिडको हे नियोजन प्राधिकरण होते आणि ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्या काळात उभ्या राहिलेल्या पुष्कळ गाळ्यांकडे ग्रामपंचायतीचा दाखला व घरपट्टीची पावती एवढेच कागद आहेत. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामावरही आकारली जाते. उलट महानगरपालिकेच्या कर बिलात 'शास्ती' नावाची रक्कम दिसली, तर ते बांधकाम अनधिकृत धरले गेले असण्याचा संभव समजून चौकशी करावी. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरील ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेले हे काम २०२५ च्या सुरुवातीस संपले. त्या राहत्या इमारती होत्या, कारखाने नव्हते. पण आरक्षणाचा नकाशा आधी न पाहिल्याची किंमत काय असते हे त्यावरून कळावे. विकास आराखड्यात आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे, हे महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्यावे.

जुना गाळा असेल तर करारनाम्यांची साखळी पाहावी. बिल्डरने पहिल्याला विकला, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. यातील प्रत्येक करार नोंदणीकृत व पुरेशा मुद्रांकाचा हवा आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन मिळाली पाहिजे. मध्येच एखादा दुवा नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर असेल तर तेथे थांबावे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे की कुलमुखत्यारपत्राने विक्री केली तरी मालकी जात नाही. मूळ कागद विक्रेत्याच्या हातात आहेत काय, हेही पाहावे. "मूळ प्रत गावी राहिली" असे उत्तर मिळाले तर गाळा कोठे तरी गहाण असण्याचा संभव असतो. बँकांकडील गहाणाची नोंद ठेवणारी 'सरसाई' ही केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे आणि थोडी फी भरून तेथे कोणालाही शोध घेता येतो. वसाहतीची सोसायटी झाली असेल तर भाग प्रमाणपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली की अजून बिल्डरच्याच नावे आहे, ते विचारावे. एवढे झाल्यावर वकिलाकडून शोध अहवाल लेखी घ्यावा व वर्तमानपत्रात चौदा-पंधरा दिवसांची जाहीर नोटीस द्यावी. या साऱ्याचा खर्च गाळ्याच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

फीत, भार आणि वीज

गाळ्याचा भाव चौरस फुटावर सांगतात, पण कोणत्या फुटावर ते सांगत नाहीत. उदाहरण घेऊ. दलाल म्हणतो १००० फूट, भाव ६००० रुपये, म्हणजे ६० लाख. आपण आतून भिंत ते भिंत फीत लावली तर ३० बाय २० भरते, म्हणजे ६०० फूट. २४० फुटांचा पोटमाळा त्याने धरला आहे. उरलेले १६० फूट भिंती, जिना व मोकळ्या जागेचे आहेत. पोटमाळा मंजूर नकाशात नसेल तर तो उद्या उतरवावा लागेल. म्हणजे वापरायच्या जागेचा खरा भाव ६००० नव्हे, १०,००० पडला. दोन गाळ्यांची तुलना नेहमी या आतल्या फुटांवरच करावी. फीत खिशात ठेवण्याची लाज वाटू देऊ नये.

वरच्या मजल्याचा गाळा स्वस्त मिळतो, पण त्याचा भार विचारावा. हलक्या यंत्रांच्या कामाच्या जागेसाठी भारतीय मानकानुसार फरशीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण ४६ किलो धरतात. शिलाई मशीन, जरीचा कारचोब, जुळणीचे टेबल यांना तो पुरतो. पण कागदाचा पाच फूट उंच थर चौरस मीटरला हजार किलोच्या वर जातो. पत्र्याची पॉवर प्रेस तर वजनाबरोबर हादराही देते. तिला तळमजलाच हवा. मालाची लिफ्ट आहे काय, असल्यास चालू आहे काय, आणि तिचे बिल कोण भरतो, हे खालच्या हमालास विचारावे; तो खरे सांगतो.

विजेचा हिशेब आधी घरी मांडून जावे. आमच्या मित्राचा असा होता: अर्ध्या अश्वशक्तीची १२ शिलाई मशीने म्हणजे ६, कटिंगची डाय-प्रेस २, चामडे तासण्याचे मशीन अर्धा, कॉम्प्रेसर ३, एकूण साडेअकरा अश्वशक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, तेव्हा साडेआठ किलोवॅट झाले. दिवे-पंखे दीड. एकूण दहा किलोवॅट. गाळ्याच्या बिलावर मंजूर भार तीनच किलोवॅट होता. भार वाढवून मिळतो, पण त्यासाठी रोहित्रावर जागा हवी, पैसे भरावे लागतात आणि दिवस जातात. बिलावर दर औद्योगिक लावला आहे की व्यापारी, हेही पाहावे. वीस किलोवॅटच्या वर आकारणीची पद्धत बदलते, हे मोठी यंत्रे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बिलावर मागील महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते गाळ्याचे चरित्रच समजावे. वर्षभर शून्याजवळ युनिट असतील तर गाळा बंद होता. तो का बंद होता, हे शोधावे. थकबाकीचा रकाना तर अवश्य वाचावा. आमच्या माहितीतील एका गृहस्थांनी ताबा घेतल्यावर मीटरसाठी अर्ज केला, तेव्हा आधीच्या मालकाची मोठी बाकी त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. "ती माझी नाही" म्हणून चालत नाही. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीजबाकी नव्या मालकाकडे मागता येते. म्हणून वीज, पाणी, घरपट्टी व सोसायटी यांच्या बाकी नसल्याचे दाखले शेवटच्या हप्त्याआधी घ्यावेत, नंतर नव्हे.

पावसात एकदा जाऊन यावे

रविवारी दुपारी गाळा पाहिला तर तो शांत व प्रशस्तच दिसेल. कामाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी पाच वाजता जावे, टेम्पो कोठे वळतो ते पाहावे. घोडबंदर व वर्सोवा पुलावरील खोळंब्यात गाडीचे किती तास जातात ते ड्रायव्हरला विचारावे. वसईच्या अनेक कारखान्यांत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. आपल्याला जुम्याच्या दृष्टीने ती सोयीची आहे, पण मुंबईचा कच्च्या मालाचा बाजार रविवारी बंद असतो, हेही हिशेबात धरावे. पाणी नळाचे आहे की टँकरचे, तेही विचारावे.

शक्य असल्यास जुलैत एकदा जावे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार भागात पाणी भरून रेल्वे बंद पडली होती. पावसाळ्यात जाता आले नाही तरी भिंती बोलतात. पाण्याची रेघ, खालून गंजलेले शटर, वर सरकविलेला मीटरचा बोर्ड, उंच केलेला उंबरठा ही सारी साक्षीदार मंडळी आहेत. शेजारच्या चहावाल्याला विचारले की पाणी कोठवर येते, तर तो गुडघ्यावर हात ठेवून दाखवील.

आगीविषयी आम्हाला थोडे कडक बोलावे लागेल. १८ डिसेंबर २०१७ रोजी साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून १२ कामगार गेले. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत पहाटे आग लागली व ४३ जण मेले. त्यांतील बरेच कामाच्याच जागी झोपलेले होते. आपल्याकडे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरे पोटमाळ्यावर झोपतात, खाली चिकटविण्याच्या सोल्युशनचे डबे, आणि चोरीच्या भीतीने शटरला बाहेरून कुलूप. एकच शटर असलेला, खिडक्यांना पक्की जाळी मारलेला गाळा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ती मुले आपल्याकडे अमानत आहेत. त्यांच्या झोपण्याची वेगळी खोली हा गाळ्याच्या खर्चाचाच भाग धरावा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. वसाहतीचे शेवटचे प्रमाणपत्र मागून पाहावे. मुलामा, रंगाई, आम्लाचे काम करणाऱ्यांनी प्रदूषण मंडळाची संमती त्या जागी मिळू शकते काय, हे बयाना देण्याआधीच विचारावे. हे धंदे लाल वर्गात येतात.

घ्यावा की भाड्याने राहावे

वरचाच गाळा घेऊ. किंमत ६० लाख, मुद्रांक-नोंदणी-वकील मिळून सुमारे ४ लाख, वायरिंग, लादी व वाढीव भाराचे २ लाख; एकूण ६६ लाख. असाच गाळा शेजारी महिना २५ हजारांनी भाड्याने मिळतो असे धरू. वर्षाचे भाडे ३ लाख. मालकाला घरपट्टी, सोसायटी व दुरुस्तीचे ५० हजार लागतात, म्हणजे त्याच्या हाती अडीच लाख. ६६ लाखांवर हे पावणेचार टक्के झाले. आता ज्याचा धंदा खेळत्या भांडवलावर वर्षाला दहा टक्के जरी देत असेल, त्याने ६६ लाख भिंतींत घातले तर त्याने साडेसहा लाख सोडून अडीच लाख वाचविले. शिवाय ऐन सणाच्या ऑर्डरीला चामडे उधारीवर, चढ्या भावाने घ्यावे लागेल ते वेगळे. स्वतःचा गाळा असलेला पण माल भरायला पैसा नसलेला कारखानदार आम्ही एकापेक्षा अधिक पाहिले आहेत. "भाव वाढेल" हे दलालाचे वाक्य या हिशेबात धरू नये. स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या गाळ्याच्या किमतीवर जकात येत नाही. पण तो भाव वाढल्यावर विकण्याच्या इराद्यानेच घेतला असेल तर व्यापारी मालाप्रमाणे दर साल बाजारभावावर जकात येते, हेही अशा बंधूंनी मनाशी ठेवावे.

मात्र ज्याची यंत्रे जड आहेत, पाया घालून बसवावी लागतात, त्याने अकरा महिन्यांच्या करारावर राहणे धोक्याचे आहे. त्याने एक तर गाळा घ्यावा, नाही तर पाच वर्षांचा करार करून मालकाला मध्येच काढता येणार नाही असे कलम घालावे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के येतात. आपणही नोंदलेले असू तर ते वळते होतात.

हेवी डिपॉझिटचा मामला वेगळा आहे. वीस-पंचवीस लाख मालकाकडे ठेवावयाचे व भाडे नाममात्र किंवा मुळीच नाही, असा हा व्यवहार आपल्या वस्तीत सर्रास चालतो आणि त्यात व्याज नाही असे लोक समजतात. परंतु ती परत मिळणारी रक्कम म्हणजे कर्जच, आणि त्या कर्जाच्या बदल्यात जागेचा फुकट वापर हा लाभ. म्हणून अनेक उलेमा यास नाजायज मानतात. बँकेच्या व्याजापासून दूर राहणाऱ्याने येथे पाय घसरू देऊ नये. शिवाय मालक अडचणीत आला तर ती रक्कम बुडते. त्यापेक्षा बाजारभावाचे भाडे व दोन-तीन महिन्यांची अनामत बरी. दोघा-तिघांनी भागीत गाळा घेऊन, त्यातील एकाने इतरांचे हिस्से हळूहळू विकत घ्यावेत व उरलेल्या हिश्श्याचे भाडे देत राहावे, हाही मार्ग आहे. पण सारे लिहून ठेवावे. मुदतीचा व्यवहार लिहिण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, तरी सख्ख्या भावाशी कागद करणे आपल्याला अपमान वाटतो.

विक्रेता काही रक्कम रोख मागतोच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास बंदी आहे आणि तेवढाच दंड होऊ शकतो. तसेच करार रद्द झाला तर कागदावर नसलेले पैसे मागता येत नाहीत.

आमच्या मित्राने वालीवच्या त्या गाळ्याचा शोध घेण्यास वकील नेमला. दहा दिवसांनी सर्व्हे नंबरच्या जुन्या फेरफारात कलम ३६-अ ची नोंद सापडली, मंजुरीचा आदेश मात्र कोठेच नव्हता. त्यांनी तो गाळा सोडला आणि गोखिवऱ्याला तळमजल्यावर, दोन दारांचा गाळा पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने घेतला. दहा किलोवॅटचा भार मंजूर होईपर्यंत कटिंग जुन्या जागी व शिलाई नव्या जागी, असे त्यांनी काम चालविले. बचतीचा मोठा भाग अजून त्यांच्या धंद्यातच आहे.